विमान कंपन्यांचे विलीनीकरण आणि ज्येष्ठता यादी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या बातम्यांत व्यवहाराची किंमत आणि विमानांची संख्या ठळकपणे छापली जाते. परंतु प्रादेशिक कंपनी इतर कंपन्या घेत घेत जागतिक कशी होते, याचा उलगडा त्यातून होत नाही.

अमेरिकेतील डेल्टा एअर लाइन्सची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तिचे मूळ कपाशीच्या शेतांवर विमानातून कीटकनाशकाची धुरळणी करणाऱ्या कंपनीत आहे. १७ जून १९२९ रोजी डॅलसहून जॅक्सनला निघालेल्या तिच्या पहिल्या प्रवासी विमानात एक वैमानिक आणि अवघ्या पाच प्रवाशांची सोय होती. पुढे १९५३ मध्ये शिकागो अँड सदर्न ही विमान कंपनी घेतल्यावर तिला कॅरिबियनचे मार्ग मिळाले, १९८७ मध्ये वेस्टर्न या कंपनीमुळे सॉल्ट लेक सिटीचे केंद्र आले, १९९१ मध्ये डबघाईला आलेल्या पॅन ॲमचे अटलांटिकपारचे बहुतेक मार्ग आले आणि २००८ मध्ये नॉर्थवेस्टबरोबर आशियाचे जाळे हाती लागले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे हक्क दोन देशांच्या सरकारांमधील करारांतून मिळतात आणि गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा मोजक्याच असतात. त्यामुळे नव्याने पाय रोवण्यापेक्षा ज्याच्याकडे हे आधीच आहे त्याला विकत घेणे कंपन्यांना सोयीचे वाटते.

तरीही खरेदी म्हणजे वाढ नव्हे. देशांतर्गत मार्गांच्या गरजेपोटी पॅन ॲमने १९८० मध्ये नॅशनल एअरलाइन्स चढ्या बोलीने घेतली, पण दोन्हीकडची विमाने आणि पगार यांचा मेळ बसवणे तिला फार जड गेले. ४ डिसेंबर १९९१ रोजी पॅन ॲम बंद पडली.

माझ्या मते खरी कसोटी लागते ती वैमानिकांच्या ज्येष्ठता यादीवर. कोणते विमान, कोणता मार्ग, कॅप्टनची खुर्ची केव्हा, सुट्टी कोणत्या महिन्यात, हे सारे त्या यादीतील क्रमांकावर ठरते. दोन याद्या एकत्र करताना एकाचा क्रमांक वर गेला की दुसऱ्याचा खाली जातो, आणि त्याचा परिणाम तो निवृत्त होईपर्यंत भोगतो. २००५ मध्ये अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज या दोन विमान कंपन्या एकत्र आल्या. लवादाने २००७ मध्ये दिलेली यादी यूएस एअरवेजच्या मूळ वैमानिकांनी नाकारली आणि २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाले तरी तो वाद मिटलेला नव्हता. याउलट डेल्टाने नॉर्थवेस्टचा व्यवहार पूर्ण होण्याआधीच दोन्हीकडच्या वैमानिकांशी सामाईक करार केला होता, आणि यादीचा निर्णय २००८ च्याच डिसेंबरात लवादाकडून आला.

म्हणून विनंती अशी की, यापुढे अशा व्यवहारांची बातमी देताना दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांशी कोणता करार झाला आहे आणि ज्येष्ठतेचा प्रश्न कोण, कधीपर्यंत सोडवणार आहे, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक