पावसात टिकणारा बोकड हवा

महोदय,

कुडाळजवळच्या आमच्या वाडीत घरच्या मटणापुरत्या चार शेळ्या पंधरा वर्षं आहेत. तीन वर्षांपूर्वी वजनाच्या मोहाने मी बोअर जातीच्या संकराचा बोकड आणला. करडं जन्मतःच दांडगी निघाली, भराभर वाढली, हे खरंच. पण जुलैच्या झडीत खुरं सडली, छातीत कफ भरला आणि पाचांतली तीन गेली. शेवटचं तर माझ्या मांडीवर. बोअर मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या कमी पावसाच्या मुलखातला. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर कोसळतो.

आता सिंधुदुर्गातल्याच कोकण कन्याळ जातीचा नर ठेवलाय. लांब पाय, तोंडावर पांढरे पट्टे. करडं सावकाश भरतात, पण ओल सोसतात. जमिनीपासून उंच फळ्यांचा माच आणि फणसाचा पाला एवढ्यावर दोन पावसाळे एकही दगावलं नाही.

अडचण पुढची आहे. याच बोकडाच्या पाटी, म्हणजे वयात येणाऱ्या माद्या, आता माजावर येतील, त्यांना बापच लावायचा का? दर दोन वर्षांनी नर बदलायला चांगला कन्याळ बोकड जवळपास मिळत नाही. पशुसंवर्धन विभागाने तालुक्याला निदान दोन-तीन तरी जातिवंत नर ठेवावेत.

– एक शेळीपालक, ता. कुडाळ