जप्तीची यादी हातात पडली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेरीवाल्यांवर कारवाई झाली की चर्चा पदपथ कोणाचा, यावरच अडते. चालणाऱ्यांचा हक्क आहेच. पण रस्त्यावरची विक्री हासुद्धा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(जी)खाली, म्हणजे व्यवसाय करण्याच्या हक्काखाली, येणारा व्यवसाय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात १९८९ सालीच सांगितले. अमुक एका जागेवर कायमचा हक्क मात्र नाही, आणि अनुच्छेद १९(६)प्रमाणे वाजवी निर्बंध घालता येतात.

ते कसे घालायचे, हे २०१४च्या पथविक्रेता कायद्यात आहे. हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस. त्यानंतरही जागा सोडली नाही, तर कलम १९खाली माल जप्त करता येतो. पण यादी करून, जप्ती करणाऱ्याची सही असलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत परत.

प्रत्यक्षात काय होते? क्रेट, वजनकाटा, छत्री सगळे एकाच टेम्पोत. यादी नसल्याने गोदामात कोणता काटा कोणाचा हे सांगता येत नाही, आणि दंडाची पावती फाडूनही सामान अर्धेच मिळते. संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर उचललेली मेथी दुसऱ्या दिवशी सोडवून करायचे काय? पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या कर्जयोजनेतून पहिले कर्ज आता १५,००० रुपयांचे मिळते. त्यातूनच घेतलेला काटा गोदामात पडतो आणि हप्ता सुरूच राहतो.

'पथविक्रीचे प्रमाणपत्र नाही' हे पालिकेचे उत्तरही पुरेसे नाही. याच कायद्याच्या कलम ३नुसार फेरीवाल्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. सर्वेक्षण पालिकेनेच रखडवायचे आणि कागद विक्रेत्याकडे मागायचा, हा अजब न्याय झाला.

कारवाई करणाऱ्या पथकाकडे क्रमांक छापलेले जप्तीपुस्तक असावे. नग, वजन, वेळ जागेवरच लिहावी आणि संध्याकाळच्या कारवाईच्या दिवशी मागणी अर्ज घ्यायला प्रभाग कार्यालयात माणूस बसवावा. मुदत मागणीपासून मोजली जाते, म्हणून विक्रेत्यांनी अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. दाद मागायला कलम २०ची तक्रार निवारण समिती आहे. तिचे अध्यक्षपद दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेल्या व्यक्तीकडे असते आणि पालिकेचा कर्मचारी तिच्यावर नेमता येत नाही. आपल्या शहरात ती नेमली आहे का, हे पालिकेने जाहीर करावे.

– एक वाचक, पुणे