आठ दिवसांत ऑइल पेंटिंग नको, थर शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी लागली की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारला चित्रकला शिबिरांचे फलक लागतात. ‘आठ दिवसांत ऑइल पेंटिंग’ हा त्यातला नेहमीचा वायदा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेली, हात बऱ्यापैकी बसलेली मुले तिथे येतात. मोबाइलवरचे एखादे निसर्गचित्र कॅनव्हासवर उतरवतात, वरून चकचकीत व्हार्निश मारून घरी नेतात. चित्र भिंतीवर लागते आणि शिकायचे ते राहून जाते. शिबिरे जरूर भरवावीत, पण त्यात काय शिकवायचे याचा आयोजकांनी नव्याने विचार करावा, म्हणून हे पत्र.

या टप्प्यावरची मुले रेषेत कच्ची नसतात, टोनमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटांत, कच्ची असतात. म्हणून पहिले दोन दिवस फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि टिटॅनियम व्हाइट (पांढरा) एवढ्या दोनच ट्यूब द्याव्यात. उजेडापासून अंधारापर्यंत पाच टोन आधी कागदाच्या पट्टीवर करून घ्यावेत आणि मग समोरची वस्तू त्या पाचातच बसवायला लावावी. वस्तू आपल्या घरातल्याच ठेवाव्यात: भरताचे हिरवे वांगे आणि तांब्याचा लोटा, एकाच खिडकीच्या उजेडात. वांग्यावरच्या चकाकीला बहुतेक मुले शुद्ध पांढऱ्याचा ठिपका देतात आणि वांगे प्लास्टिकचे दिसू लागते. ती चकाकी म्हणजे खिडकीचे प्रतिबिंब. वांग्याच्या गोलाईबरोबर ते वळते, त्याची एक कड धारदार असते, बाकीच्या विरघळतात. डोळे किलकिले करून पाहिले की हे लगेच कळते. तिसऱ्या दिवशी यलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) द्यावेत. ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून वांग्याचा मळकट हिरवा मिळतो. सावलीच्या बाजूला काळा न घालता चिमूटभर सिएना घातला तर हिरवा विझतो, पण मरत नाही. अल्ट्रामरीन आणि सिएना मिळून जो गडद रंग होतो, तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो. पंचवीस ट्यूबचा डबा या वयात नुकसानच करतो, असे माझे ठाम मत आहे.

ॲक्रिलिकची अडचण वेगळी आणि खास आपल्याकडची आहे. हा रंग पाणी उडून सुकतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना पंख्याखाली पॅलेटवरच्या रंगाला काही मिनिटांत साय धरते. मुले मग पाणी ओतत राहतात. पाणी फार झाले की रंगकणांना धरून ठेवणारे बाइंडर विरळ होते आणि पुढचा हात देताना खालचा रंग निघू लागतो. पाणी रंगाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावे. त्याहून पातळ हवा असेल तर ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगकणांशिवायचे तेच बाइंडर, घालावे. ग्लेझसाठी, म्हणजे पातळ पारदर्शक थरासाठी, एक भाग रंगाला आठ-दहा भाग मीडियम पुरते. सुकणे लांबवायला रिटार्डर मिळतो, पण तो दहा टक्क्यांवर गेला की थर चिकट राहतो. त्यापेक्षा सोपा उपाय घरात आहे: चपट्या प्लास्टिकच्या डब्यात ओल्या सुती कापडाची घडी, तिच्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावले तर रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. पंखा बंद करून खिडकी उघडी ठेवावी आणि कूलर लावावा, हवेतला ओलावा वाढून सुकण्याची घाई कमी होते. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. ओले असताना बाइंडर दुधाळ असते, सुकल्यावर पारदर्शक होते, म्हणून ॲक्रिलिक सुकून किंचित गडद होतो. कातडीचा किंवा आकाशाचा रंग जुळवताना आधी पट्टीवर लावून सुकू द्यावा. आपल्या उन्हात त्याला वेळ लागत नाही, एवढा तरी या उन्हाचा फायदा.

तैलरंग पाणी उडून सुकत नाही, त्यातले तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्याला दिवस लागतात आणि प्रत्येक रंगाचा वेग निराळा असतो. अंबरमधल्या मँगनीजमुळे त्याचा पातळ थर दोन दिवसांत हाताला सुकतो, टिटॅनियम व्हाइट किंवा कॅडमियमच्या लाल-पिवळ्या रंगांना आठवडा किंवा जास्तही लागतो. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा, हा नियम मोडता येत नाही. पहिला थर फक्त टर्पेंटाइनने पातळ केलेला, दुसरा ट्यूबमधून आला तसा, तिसऱ्याला एक भाग जवसाचे तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन यांचे मिश्रण, तेही रंगाच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी. उलट केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि वर्ष-दोन वर्षांत भेगा पडतात. चित्र लवकर सुकावे म्हणून गच्चीवर उन्हात ठेवणे हा तर हमखास सुरकुत्यांचा मार्ग. जाड, तेलकट रंगाला वरून साय धरते आणि ती आक्रसते.

मग आठ दिवसांच्या शिबिरात तैलरंग शिकवायचाच नाही का? शिकवता येतो. चार दिवस टोनचे काम ॲक्रिलिकमध्ये पातळ आणि मॅट करून घ्यावे, दोन-तीन दिवस सुकू द्यावे आणि शेवटी तैलरंगाचा एकच थर द्यावा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही नाही, ते सोलून निघते. चित्र अर्धे राहिले तर राहू द्यावे. पालकांनीही पूर्ण झालेल्या चित्राचा आग्रह धरू नये.

पृष्ठभागाकडे तर कोणी पाहतच नाही. जळगावपासून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात चित्राआधी भिंतीवर भाताचे तूस आणि काड्या घातलेल्या मातीचा लेप आणि त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. आपण मात्र कोऱ्या कापडावर तैलरंग लावतो, तेल धाग्यात मुरते आणि कापड कुजत जाते. जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, मध्ये काचपेपर, एवढे तरी हवे. गडद भाग सुकल्यावर निस्तेज पडले तर व्हार्निश ओतू नये. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळून कापडाने पुसून घ्यावा, मूळ रंग परत दिसतो. खरे व्हार्निश सहा महिने ते वर्षाने. हार्डवेअरच्या दुकानातले कोपल व्हार्निश आणि डबल बॉइल तेल फर्निचर-दारांसाठी ठीक, चित्रावर दोन्ही पिवळी पडतात.

आणि आयोजकांनी एवढे तरी यंदापासून पाळावेच: जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता निघते, ती ढिगात कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. बंद वर्गात, खान्देशच्या मे महिन्यात, हा धोका मोठा आहे. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि रोज संध्याकाळी वर्गाबाहेर काढाव्यात.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, भुसावळ