माझ्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे तुमच्या खोलीत एकही सत्काराचा फोटो दिसला नाही तेव्हाच कळलं होतं. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मला भित्रा म्हणणारेही सगळ्यांसमोरच म्हणाले होते.

काल संध्याकाळी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, मारला, तुम्ही दुरुस्त केलेल्या खांद्याने. सहा वर्षांनी पहिल्यांदा. भरती चढत होती, गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, कोपर वर घेतलं, हात मागे नेला आणि सोडला. जाळं गोल उघडलं. दोन शेवटे मासे मिळाले, बाकी सगळं शेवाळ. घरी येऊन अंथरुणावर पडलो पण डोळा लागेना, म्हणून उठून लिहायला बसलो.

ज्यांनी पाग हातात घेतलेला नाही त्यांना सांगतो. कडेला शिशाच्या गोळ्या, त्यात भिजलेलं जाळं. ते फेकताना हात खांद्याच्या वर जातो आणि मागे वळतो. खांदा पुढच्या बाजूला निसटायला याच्याइतकी सोयीची स्थिती दुसरी नाही, हे मला तुमच्याकडे आल्यावर समजलं. मालवणजवळच्या आमच्या तळाशीलला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा घरच्या कालवणापुरतं खाडीतून मिळतं. १९ वर्षांचा होतो. पाऊस कोसळत होता. हात मागे गेला आणि आतून काहीतरी सरकलं. त्यानंतर हात लोंबत राहिला, जणू दुसऱ्या कोणाचा.

काकांनी मला तिथेच आडवं पाडलं, काखेत टाच रोवली आणि हात ओढला. बसला खांदा. पण पुढच्या सहा वर्षांत सात वेळा निखळला. एकदा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरावर, एकदा एसटीची वरची दांडी धरली होती तेव्हा, आणि एकदा तर नुसता डोक्याखाली हात घेऊन झोपलो होतो तेव्हा.

आधीच्या डॉक्टरांविषयी राग आहे, तो लपवत नाही. एकाने एक्स-रे बघितला, जागेवर आहे म्हणाला, गळ्यात पट्टी अडकवून घरी पाठवलं. दुसऱ्याकडे दरवेळी खांदा बसवून मिळायचा आणि दरवेळी बिल मिळायचं. तो पुन्हापुन्हा का निखळतो, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नाही. तिसऱ्यांनी बाबांच्या देखत सांगितलं की ह्याच्या खांद्याला काही नाही, ह्याच्या मनाला आहे, जिमला घाला. एमआरआय करून बघू, असं तिघांपैकी कोणीही म्हणालं नाही. त्या तिसऱ्या वाक्याने माझं जे नुकसान केलं ते सातही वेळच्या दुखण्याने केलं नाही. बाबा रापणकर. त्यांना ते पटलं. दोरावर उभं राहायला मी कचरलो की चारचौघांत म्हणायचे, "भियतंस कित्याक रे?" मग मी दोर सोडून मासळी वेचायला बसू लागलो. तारल्या-बांगडे वेगळे करताना मान वर करायचो नाही.

कोणीतरी तुमचा पत्ता दिला. फोंडा घाट चढून एसटीने कोल्हापूरला आलो, बाबा सोबत. तुम्ही मला टेबलावर निजवलंत, कोपर काटकोनात वाकवून हात बाजूला घेतलात आणि हळूहळू मागे फिरवू लागलात. मी दात आवळले. ओरडलो नाही. काही बोललोही नाही, कारण बाबा बघत होते. आणि तुम्ही थांबलात.

मला सगळ्यात लख्ख आठवतं ते हे. तुम्ही माझ्या खांद्याकडे बघतच नव्हता. तोंडाकडे बघत होता. "बस, पुरे," म्हणालात, आणि हात सावकाश पुन्हा अंगाजवळ आणलात. मग तुमचा तळवा खांद्याच्या पुढच्या बाजूवर ठेवून दाबलात आणि तोच हात पुन्हा तसाच मागे नेलात. या खेपेला हात आणखी मागे गेला, तरी मी दात आवळले नाहीत. "आता?" तुम्ही विचारलंत. "आता नाही," मी म्हटलं.

तुम्ही वळून बाबांना म्हणालात, "बघितलंत? मी पुढून आधार दिला की ह्याची भीती जाते. मनातली भीती माझ्या तळव्याने गेली असती का?" ह्या तपासणीचं नावच भीतीवरून पडलंय, अ‍ॅप्रिहेन्शन टेस्ट, हेही सांगितलंत. रोग्याला दुखतं का, यापेक्षा तो बिचकतो का, हे तिच्यात बघायचं असतं. खांदा सुटतोय हे शरीराला आधी कळतं, म्हणून ते बिचकतं. बाबा काही बोलले नाहीत. परतताना घाटात त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मालवण येईपर्यंत मांडीवर धरून बसले.

डॉक्टर, तो तळवा माझ्या खांद्यावर काही क्षणच होता. पण सहा वर्षांत माझ्या बाजूने साक्ष देणारा तो पहिला माणूस.

मग तुम्ही समजावलंत. खांद्याची खोबण उथळ, बशीसारखी. वरच्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी तिला टेकतो. त्या बशीला कुर्चेची एक कड असते, ती गोळ्याला अडवते. माझी ती कड समोरून, खालच्या अंगाला हाडापासून सुटली होती. लंडनच्या बँकार्ट नावाच्या सर्जनने १९२३ मध्ये नेमकी हीच इजा मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. आणि निखळताना गोळा बशीच्या कडेवर आपटून त्याला मागून पोचा पडतो, तोही माझ्या एमआरआयमध्ये तुम्ही बोट ठेवून दाखवलात. सहा वर्षं जे मनात होतं म्हणतात, ते काळ्या-पांढऱ्यात समोर होतं.

सीटी स्कॅनही केलात आणि त्याचं कारण आधी सांगितलंत. बशीचं हाड साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त झिजलं असेल तर नुसती कड शिवून भागत नाही, मग जवळच्या हाडाचा तुकडा स्नायूंसकट आणून तिथे बसवावा लागतो. लातारजे म्हणतात त्या शस्त्रक्रियेला. माझं हाड तेवढं झिजलेलं नव्हतं, म्हणून दुर्बिणीतून होईल म्हणालात. पण त्यानंतरही काही जणांचा खांदा पुन्हा निखळतो, हे सांगायला विसरला नाहीत. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनी छातीठोकपणे बोलायचं आणि ज्यांच्या हातात कसब त्यांनी हमी द्यायची नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तुमच्यावर विश्वास बसला तो त्यामुळेच.

ऑपरेशनचं फार लिहीत नाही. तीन छोटी छिद्रं, प्रत्येक सेंटिमीटरभरही नाही. आज आंघोळीला उघडा बसलो तर शोधावी लागतात. पण आदल्या रात्री तुम्ही फेरीला आलात तेव्हाचं एक सांगतो. बशीच्या काठावर छोटे अँकर ठोकून, त्यांच्या दोऱ्यांनी कड परत बांधणार, असं सांगत होता. घड्याळात तीन ते सहा वाजतात त्या भागात, असं बोटाने हवेत काढून दाखवलंत. मी विचारलं, अँकर म्हणजे नांगरच ना? तुम्ही म्हणालात, "नांगरच. चार नांगर टाकणार आहे." त्या रात्री मला झोप लागली. चार नांगरांवर होडी हलत नाही, एवढं मला कळतं.

आणि आजीचं. टाके काढायला आलो तेव्हा ती सोबत होती. म्हणाली, आमच्या वेळी असा खांदा निसटू लागला तर काखेत डाग देत, एवढा खर्च कशाला? मी शरमेने मेलो. तुम्ही हसला नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसलात आणि तिला सांगितलंत की दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या, ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथात हाच उपाय आहे, तापलेल्या लोखंडाने काखेत डाग. व्रण आवळला की सांध्याची पुढची-खालची बाजू घट्ट होते, असा त्यामागचा विचार. "आम्ही तीच जागा घट्ट करतो आजी, फक्त भाजत नाही." काकांची टाचही त्याच ग्रंथातली निघाली, मात्र त्याने नस दुखावू शकते, म्हणून यापुढे कोणाला करू देऊ नका, हे बजावलंत. आजी अजून गावभर सांगते की मोठ्या डॉक्टरांनी माझं ऐकलं.

चांगुलपणा मोठाच असावा लागतो असं नाही, हे मला या आठ महिन्यांत दिसलं. कंडक्टरने गळ्यातली झोळी बघून मला खिडकीकडची जागा दिली, उजवा हात खिडकीच्या बाजूला राहील अशी, म्हणजे कोणाचा धक्का लागू नये. व्यायाम शिकवणाऱ्या ताई पहिले सहा आठवडे हात बाहेर फिरवू द्यायच्या नाहीत. मी घाई केली की रागवायच्या आणि मग स्वतः शेजारी उभं राहून लोलकासारखा हात झुलवून दाखवायच्या. यातल्या कोणीही बिलात काही लावलं नाही.

सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा तीच तपासणी केलीत. हात मागे, मागे, आणखी मागे. तेव्हाही माझ्या तोंडाकडेच बघत होता.

आता एक विनंती. आमच्या वाडीतला एक १७ वर्षांचा मुलगा पुढच्या मंगळवारी तुमच्याकडे येतोय. कबड्डीत दोनदा खांदा निखळलाय त्याचा. त्याचे वडील त्याला घेऊन माझ्यासोबत यायला तयार झालेत. तो फारसं बोलणार नाही, दुखतं का विचारलंत तर नाही म्हणेल, कारण त्याचेही वडील शेजारी उभे असतील.

तुमचा,
तळाशीलचा चार नांगरवाला