स्वयंपाकघरातल्या त्या एका मिनिटासाठी, काकू

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

श्रेयनामावलीत नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत. ते मी पाळलं, आणि इथेही घालत नाही. पण चित्रपट पुरा झालाय आणि आता गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

मुंबईत ४ वर्षं मालिकांचे भाग लिहिले, ते दुसऱ्यांच्या नावावर गेले. बडोद्याला परतलो, लग्नांचं शूटिंग केलं, त्या पैशांतून ३ लघुपट केले. पहिल्या मोठ्या चित्रपटाला १५ दिवस उरले असताना निर्मात्याने हात वर केले. माझ्याकडे साडेतीन लाख रुपये, ७ जणांचं युनिट आणि भाड्याचा कॅमेरा होता, जागा नव्हती. तुम्ही दांडिया बाजारातलं अख्खं घर उघडून दिलंत. अट एकच: "उत्तरायणाच्या आधी उरक. १४ जानेवारीला पतंग उडवायला लोक गच्च्यांवर चढले, स्पीकर लागले की तुझी माणसं काय बोलतात ते त्यांनाही ऐकू यायचं नाही."

काकू, चित्र जरा काळपट आलं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. डबिंगच्या स्टुडिओचं तासाचं भाडं मला झेपणारं नव्हतं, त्यामुळे जागेवर मिळेल तोच आवाज. फ्रिज बंद करा असं साउंडवाल्याने सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मुकाट्याने दूध शेजारी नेऊन ठेवलंत. जाताना फ्रिज चालू करायचा राहू नये म्हणून तो रोज स्कूटरची किल्ली आतच ठेवायचा, आठवतं? दुपारी कुकरची शिट्टी नको म्हणून तुम्ही पहाटे साडेपाचलाच आम्हा सगळ्यांचा वरणभात लावून मोकळ्या व्हायचात. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते आपल्या कलाभवनात, इथल्या कलाशाळेत, हे बडोद्यात सगळे अभिमानाने सांगतात. त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी सांभाळला होता. ते मी वाचलं होतं. त्याला किती कष्ट पडत असतील ते तुमच्या ओट्यापाशी कळलं.

आणि संवाद! तिसऱ्या दिवशी तुम्ही पटकथा मागून घेतलीत आणि रात्रीतून पेन्सिलने खुणा केल्यात. "ही बाई पुण्याची आहे का रे? आमच्याकडे झोपाळा कोण म्हणतं? हिंचका म्हण." मी बडोद्यात जन्मलो, वाढलो, आणि लिहायला बसलो की पुस्तकातलं मराठी लिहीत होतो. लेखक म्हणून माझं इतकं नेमकं कोणी पकडलं नव्हतं. सकाळी ११ पानं नव्याने लिहिली. चित्रपटात ती सगळ्यांत जिवंत आहेत.

शेवटच्या दिवशी प्रत्येक खोलीतली एक मिनिट शांतता रेकॉर्ड केली. संकलनात दोन संवादांमधली फट बुजवायला ती लागते. स्वयंपाकघराच्या त्या मिनिटात चाळिसाव्या सेकंदाला तुमच्या बांगड्या किणकिणल्या. तुम्ही ओशाळलात, "पुन्हा घे" म्हणालात. मी घेतलं नाही. शेवटच्या प्रसंगात आजी रिकाम्या हिंचक्याकडे बघते तेव्हा तेच मिनिट वाजतं, बांगड्यांसकट.

नव्या पटकथेचा पहिला खर्डा झालाय. शनिवारी दुपारी घेऊन येतो. पेन्सिल टोकदार करून ठेवा.

तुमचा,
वरच्या खोलीत ९ दिवस पसारा घालणारा