भितरकनिकाची तारीख ओहोटी बघून ठरवू

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. भितरकनिकाला यायला तू तयार आहेस हे वाचून फार आनंद झाला. पण नाताळच्या सुट्टीत जाऊ म्हणतोस, ते मला पटत नाही. गर्दी असते हे एक कारण. खरं कारण ओहोटीचं आहे. तिथं काय दिसणार आणि काय नाही, हे पाणी किती वाजता उतरतं यावर ठरतं. म्हणून रजेचा अर्ज टाकण्याआधी हे सगळं सविस्तर लिहितो आहे. सावकाश वाच.

आधी जागेची कल्पना देतो. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात ब्राह्मणी आणि वैतरणी (आपली पालघरची वैतरणा वेगळी) या नद्या समुद्राला मिळण्याआधी फुटतात, वळतात, पुन्हा एकमेकींत मिसळतात आणि धामराच्या मुखाशी बंगालच्या उपसागरात जातात. या सगळ्या गुंत्यात कांदळवन वाढलं आहे. सुंदरबन सोडलं तर भारतात इतकं मोठं खारफुटीचं जंगल दुसरं नाही, असं म्हणतात. १९७५ साली ६७२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, त्यातल्या गाभ्याच्या १४५ चौरस किलोमीटरला १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २००२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. आत फिरायचं तर बोटीशिवाय मार्ग नाही. चालायला मिळतं ते थोडंच, तेही ठरावीक वाटांवर.

आता पाण्याचं. तुझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, आठवतं? अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. ते गणित आपल्या किनाऱ्याचं. पूर्व किनाऱ्यावर ते जसंच्या तसं चालत नाही, आणि मुखापासून नदीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते. तत्त्व मात्र तेच: एका जागी ओहोटीची वेळ तिथीशी बांधलेली असते. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पंधरवड्याने पुन्हा त्याच घड्याळी वेळेवर येते. म्हणजे आपल्याला हवी ती वेळ महिन्यातून दोनदा मिळते, आणि प्रत्येक खेपेला दोनेक दिवस टिकते. त्या दिवसांत आपण तिथं असलं पाहिजे.

हवी ती वेळ कोणती? पूर्ण ओहोटी सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान. थंडीत मगरी रात्रभर पाण्यात राहून गारठलेल्या असतात. ऊन वर आलं की अंग तापवायला काठावर येतात. पण काठ उघडा हवा ना! त्या वेळी भरती असेल तर पाणी थेट झाडांच्या मुळांना लागलेलं असतं आणि नुसत्या हिरव्या भिंती बघत फिरावं लागतं. ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंना चिखलाचे रुंद उतार उघडे पडतात आणि त्यावर मगरी पसरलेल्या दिसतात.

दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. अकरापर्यंत पाणी फिरलं की दुपारभर भरती चढत राहते, आणि चिंचोळ्या खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यातच. चढत्या पाण्यात बोट कुठं टेकली तरी थोड्या वेळात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात शिरलं आणि बोट रुतली, तर पुढच्या भरतीपर्यंत तासन् तास तिथंच अडकून राहायचं, आणि मगरींच्या त्या चिखलात उतरून बोट ढकलायचा प्रश्नच नाही. तेव्हा सकाळी मोठी नदी, दुपारी आतली खाडी, असा दिवस बसतो. ओहोटी दुपारी तीन-चारला असलेल्या दिवशी गेलो तर हे सगळं उलटं होतं. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं निघतात; त्यावरून तिथी काढायचं काम मी करतो. आपल्या मुक्कामाच्या डांगमळपर्यंत पाणी किती उशिरा पोचतं ते तिथल्या नावाड्यांना फोनवर विचारून घेऊ. त्यांच्याइतकं नेमकं ते कुठल्याच कोष्टकात सापडणार नाही.

महिन्याबद्दल माझं मत पक्कं झालंय. मे ते जुलै मगरींच्या विणीसाठी उद्यान बंद असतं. तू लिहिलेली बगागहनाची पक्ष्यांची वसाहत पावसाळ्यातली; उघड्या चोचीचे करकोचे, बगळे, पाणकावळे जून-नोव्हेंबरात तिथं घरटी करतात. ती भरात बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठायला हवा. पण तेव्हा नद्या दुथडी असतात, आणि मगर क्वचितच काठावर येते. ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचे. २०२४ च्या ऑक्टोबरात 'दाना' याच किनाऱ्यावर, भितरकनिका आणि धामराच्या मधे येऊन धडकलं. जानेवारीत मगरींच्या शिरगणतीसाठी काही दिवस पर्यटकांना आत सोडत नाहीत. फेब्रुवारी सरला की ऊन वाढतं आणि मगरी लवकर पाण्यात परततात. उरतो जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. त्यातली सकाळच्या ओहोटीची तिथी आपली.

कासवांचं मनातून काढून टाक. इथल्याच समुद्रकाठच्या गहिरमाथ्याच्या बेटांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला लाखांनी येतात हे खरं, पण त्या बेटांवर आपल्याला जाता येत नाही आणि जाता येऊही नये. १ नोव्हेंबर ते ३१ मे तिथं मासेमारीसुद्धा बंद ठेवतात. एकाच फेरीत सगळं बघायचा हट्ट धरला तर एकही गोष्ट नीट दिसत नाही.

गेल्या खेपेला खोलाच्या खाडीतून जाताना आमच्या नावाड्याने एका वळणावर इंजिन बंद केलं. तोवर डिझेलच्या भडभडीत दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. बोट आपोआप वाहत राहिली आणि हळूहळू चिखलातून चटचट आवाज यायला लागला, सगळीकडून, पावसाची भुरभुर सुरू व्हावी तसा. बिळातल्या कोळंब्या नांग्या आपटून तो आवाज करतात. चिखलावर निवट्या, म्हणजे पाण्याबाहेरही राहणाऱ्या छोट्या मासळ्या, उड्या मारत होत्या. एक तर बोटीपासून दोन हातांवर, तिवराच्या श्वासमुळांच्या मधे, कल्ले पसरून बसली होती. तिचे डोक्यावर आलेले डोळे आधी एक आत ओढला जाई, मग दुसरा. मागे चिखलात एक गुळगुळीत, रुंद घळ वरून पाण्यापर्यंत गेलेली आणि तिच्या दोन्ही कडांना पंजांचे खोल ठसे. नावाडी म्हणाला, मगर आत्ताच गेली. घळीत अजून पाणी साचायचं होतं. त्या चिखलाइतकं बारकाईने मी त्याआधी काहीही पाहिलेलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह आहे की बोट लहान घ्यायची, माणसं चार-पाचच, आणि नावाड्याशी आधीच बोलून ठेवायचं की जमेल तिथं इंजिन बंद करून वाहू दे. मोठ्या बोटीत वीस जणांबरोबर हे होत नाही.

जाण्याचं सोपं आहे. कोणार्क एक्स्प्रेसने भुवनेश्वर, दीड दिवसाचा प्रवास. तिथून गाडीने कटक, केंद्रापाडा, राजनगर करत खोला किंवा गुप्तीच्या नाक्यावर. परवाना आणि बोट तिथं. दुसरी वाट भद्रकहून चांदबालीची. तिथून वैतरणीतून बोटीने डांगमळ, वेळ जास्त लागतो पण मोठी नदी बघायला मिळते. मी म्हणतो, जाताना चांदबाली, येताना गुप्ती. मुक्काम डांगमळला वनखात्याच्या निवासात, निदान दोन रात्री. दिवसात जाऊन परतणारे लोक भरती-ओहोटीचा एकच फेरा बघतात. अंधार पडायच्या आत बोट धक्क्याला लागलेली असावी लागते, तेव्हा उजेडाचे तास मोजून वापरायचे.

डांगमळला मगर संगोपन केंद्र आहे, तिथं घाई करू नकोस. १९७५ मध्ये इथं खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा प्रकल्प सुरू झाला. ओडियात तिला 'बाउला' म्हणतात, प्रकल्पाचं नावही तेच. तेव्हा या सगळ्या नद्यांत मिळून मगरी शंभराच्या आत उरल्या होत्या. अंडी गोळा करायची, पिल्लं वाढवायची, मोठी झाली की सोडायची, हे काम वर्षानुवर्षं चाललं. २०२५ च्या गणतीत १८०० च्या वर मगरी भरल्या. माणसांनी मनावर घेऊन एखादा प्राणी परत आणला, याचं इतकं ठसठशीत उदाहरण आपल्याकडे फार नाही.

पण त्याची किंमत काठावरची गावं देतात, हेही लक्षात ठेवून जाऊ. नदीवर आंघोळीला, गुरांना पाणी दाखवायला गेलेली माणसं मगरींनी ओढून नेली आहेत. घाटांना आता कुंपणं घातलेली दिसतात. कुंपणाच्या आत बाया कपडे धुतात, बाहेर मगरीचं पाणी. आणि खाली समुद्राकडे सातभाया, सात गावांचा समूह. त्यांपैकी बहुतेक गावं समुद्राने गिळली, उरलेल्या लोकांना बागपाटियाला हलवलं. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाड्याच्या गावांचा अभ्यास झाला, त्यात ज्यांच्यापुढे कांदळवनाचा रुंद पट्टा होता तिथं माणसं कमी दगावल्याचं निघालं. आपण ज्या झाडांत मौजेने फिरणार, ती तिथल्या लोकांची भिंत आहे. म्हणून तिथली फांदी मोडायची नाही, फुलं-शेंगा तोडायच्या नाहीत. गेव्याच्या झाडाला तर हातही लावू नकोस. थंडीत त्याची पानं लालभडक होतात आणि फोटो काढावासा वाटतो, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

सामानाचं थोडक्यात. प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत, तेव्हा पाणी स्टीलच्या बाटल्यांतून. चारी बाजूंना पाणी असून पिण्याजोगं एक थेंब नसतो. पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, डासांचं मलम, पहाटेसाठी स्वेटर आणि कानटोपी. नदीवर धुकं असलं तर बोट उशिरा सुटते, त्याला इलाज नाही. दुर्बीण तुझी आण, माझीची एक बाजू नीट जुळत नाही. तपकिरी पंखांचा खंड्या मला पुन्हा पाहायचा आहे, आणि तुझी नजर माझ्यापेक्षा तयार. बोटीत लाइफ जॅकेट घालायचं आणि हात पाण्याबाहेर ठेवायचे. मुलं येणार असतील तर हे त्यांना आत्तापासून सांगून ठेव.

आता तू एवढंच कर: जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुठले सहा दिवस सलग मोकळे होतील ते विचारून ठेव. मी तिथी काढून दोन पर्याय पाठवतो, त्यातला एक तू निवड. मग डांगमळच्या खोल्या मी लगेच बघतो, त्या थोड्याच आहेत आणि लवकर भरतात. वहिनींना येता येणार असेल तर फारच छान. त्यांना एवढं सांग की मुक्काम साधा आहे आणि पहाटे उठावं लागेल.

काकूंना माझा नमस्कार सांग. उत्तर लवकर लिही.

तुझा,
अभय