बंदर दालनाच्या छपरासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या माडीवरचे, जुन्या सोपारा बंदराची ओळख करून देणारे आपले बंदर दालन यंदाही गळले. शिलालेखांच्या ठशांना ओल लागली आणि सातवाहन नाण्यावरून केलेल्या गलबताच्या काथ्याच्या शिवणीवर बुरशी धरली. दोन डोलकाठ्यांचे हे गलबत अर्नाळ्याच्या मिस्त्रीकाकांनी एकही खिळा न मारता शिवून दिले. मजुरी विचारली तर "चहा पाजा" म्हणाले!

दालन उभे राहिले ते गुरुजींमुळे. 1882 साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यात बुरुड राजाच्या कोटातला बौद्ध स्तूप खणला. दगडी पेटीत पवित्र अवशेषांच्या करंडकाभोवती मांडलेल्या आठ कांस्यमूर्ती निघाल्या. त्या मुंबईला गेल्या, इथेच सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिकडेच. मग सोपाऱ्याच्या पोरांनी पाहायचे काय, म्हणून गुरुजींनी फंडाच्या पैशातून मोठे फोटो करून आणले. टेंभ्यावरच्या वहिनींनी पहिले काचेचे कपाट दिले, वाडीतल्या भजनी मंडळाने बाकडी. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी प्रवासाच्या मार्गदर्शिकेत भडोचच्या खालच्या बंदरांत सोपाऱ्याचे नाव आहे. भडोचचे नावाडी तर थेट येमेनच्या सोकोत्रा बेटावरच्या होक गुहेत ब्राह्मीत नावे लिहून आले. आमच्याकडे येणारी मुले मात्र विचारतात, "मग समुद्र कुठाय?" खाडी गाळाने भरत गेली, हे नकाशावर बोट ठेवून सांगावे लागते. तो नकाशाच आता भिजला आहे.

मागच्या आवाहनाच्या चारशे प्रती आम्ही घरोघर वाटल्या. पावत्या फाटल्या सात. दहीहंडीच्या वर्गणीला गाव कधी कमी पडत नाही, म्हणून जरा लागते. कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याचे टाके खोदून देणाऱ्यांत कल्याणचा सोनार सामिदत्त आहे, तसा आपल्या सोपाऱ्याचा एक व्यापारीही आहे. दोघांची दाने अजून दगडावर वाचता येतात. आपण तर पत्रे मागतोय.

पत्रे, वासे, मजुरी मिळून खर्च 1,85,000 रु.; जमा 41,000. काम मे अखेर व्हायलाच हवे. रोख वा धनादेश (वाचनालयाच्या नावे) सायं. 5 ते 7, सोमवार बंद, पावती मागून घ्यावी. पैसे जमत नसतील तर रविवारी सकाळी सामान खाली उतरवायला माणसे हवीत.

आपला,
चिटणीस

ता.क. जुनी लोखंडी कपाटे कृपया पाठवू नयेत. तीन जिन्यात पडून आहेत.